लहरींची मालकी : सार्वजनिक प्रसारणमाध्यमे आणि राजसत्ता या विषयाची प्रस्तावना

वृत्तपत्रांनी सत्तेशी दिलेल्या लढ्याची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाही. १८३२ चे ‘दर्पण’, १८८१ चा ‘केसरी’, टिळकांवरचे १८९७ आणि १९०८ सालचे राजद्रोहाचे खटले हे सारे आपल्या सामाईक आठवणीचा भाग झालेले आहे. रा. के. लेले यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठी वृत्तपत्रांचा इतिहास कष्टाने लिहूनही ठेवला. रेडिओ आणि दूरचित्रवाणीची गोष्ट मात्र आपण बहुधा करमणुकीच्या अंगाने सांगतो. ‘गीतरामायण’ आठवते, ‘आमची माती आमची माणसं’ आठवते, आवडत्या निवेदकांचे आवाज आठवतात. त्याच आकाशवाणीच्या आणि दूरदर्शनच्या वृत्तविभागांत काय घडत होते, कोणती बातमी आधी जात होती, कोणती उद्यावर ढकलली जात होती आणि हे कोण ठरवत होते, हा प्रश्न आपल्या गप्पांत क्वचित येतो. या विषयाकडे वाचकांनी वळावे, एवढ्यासाठी हे प्रास्ताविक.

सुरुवातीला एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागेल. वृत्तपत्र सरकारच्या बाहेर जन्मले आणि बाहेरून सरकारशी भिडले. आपले नभोवाणी माध्यम सरकारच्या घरातच वाढले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले तेव्हा ती खासगी कंपनी होती, पण तीन वर्षांतच ती बुडाली आणि १९३० साली सरकारने तिचे काम आपल्याकडे घेतले. १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. ज्या सरकारने टिळकांना मंडालेला धाडले, त्याच सरकारचे हे खाते होते. म्हणूनच १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवावा लागला. गोव्यातही हेच घडले. पोर्तुगीज सत्तेच्या हाती ‘एमिसोरा द गोवा’ होते. त्याला उत्तर म्हणून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत सीमेबाहेरच्या रानातून मुक्तीच्या बाजूचे गुप्त प्रक्षेपण केले. सरकारी लहरीवर आपल्याला जागा नाही, हे आपल्या माणसांनी फार आधीच ओळखले होते.

स्वातंत्र्य आले आणि तेच खाते, तेच नियम, तीच टेबले नव्या राज्यकर्त्यांकडे आली. १९४८ साली संविधान सभेत नेहरूंनी आपले मत मांडले होते. नभोवाणीची रचना शक्य तितकी बीबीसीच्या जवळ जाणारी, निमस्वायत्त असावी, पण ते लगेच शक्य दिसत नाही, असा त्याचा आशय होता. हे ‘लगेच शक्य नाही’ पुढे जवळजवळ पन्नास वर्षे टिकले. या विषयात नव्याने येणाऱ्याने ही गोष्ट मनाशी धरून ठेवावी, कारण स्वायत्ततेला तत्त्वतः विरोध करणारा राजकीय पक्ष आपल्या इतिहासात जवळपास सापडतच नाही. सापडतात ते तिला पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबवणारे.

एका मंत्र्याच्या हाती सारी लहर असली की काय होते, याचा पहिला धडा राजकारणातून आला नाही, तो संगीतातून आला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षे माहिती व नभोवाणी मंत्री होते. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार, हेतूबद्दल शंका घ्यावी असे काही नाही. रागसंगीताला त्यांच्या काळात आकाशवाणीवर जो मान मिळाला, त्याचे ऋण मोठे आहे. पण हिंदी चित्रपटसंगीत त्यांना सवंग वाटले आणि देशाच्या रेडिओवरून ते जवळजवळ हद्दपार झाले. श्रोत्यांनी निवेदने दिली नाहीत, मोर्चे काढले नाहीत. त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. एका माणसाची अभिरुची काही वर्षे देशाची श्रवणनीती होऊ शकते, तीही कोणाचा दुष्ट हेतू नसताना, हे त्यातून कळते. जिथे हेतू निराळा असेल, तिथे काय होईल याचा अंदाज वाचकांनी इथूनच बांधावा.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. माध्यमांवरचा राजकीय दबाव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंदीचा हुकूम, लाल पेन्सिल, जप्त केलेले अंक येतात. ते सारे घडलेले आहेच. पण सार्वजनिक प्रसारणात दबावाची नेहमीची भाषा लेखी नसते. फोन येतो. ‘वरून’ विचारणा होते. एखादी बदली होते, एखादी बढती थांबते, एखादा करार वाढवला जात नाही. यातले काहीच कागदावर येत नाही, आणि म्हणून त्याला आव्हानही देता येत नाही. या क्षेत्राचा इतिहास मी जितका वाचत गेलो, तितके हे एक सूत्र मला पक्के दिसत गेले. सत्ता तोंडी बोलते. पत्रकाराचे स्वातंत्र्य मात्र त्या त्या वेळी पुढे सरकले, जेव्हा कोणीतरी तिला लिहून द्यायला भाग पाडले. वाचकांनी पुढचा सगळा पट या एका सूत्राने पाहावा, अशी माझी विनंती आहे. ते पटले नाही तर सोडून द्यावे, पण निदान एकदा लावून पाहावे.

आणीबाणीपासूनच पाहा. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतल्या बहादुरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीज तोडली गेली. दुसऱ्या दिवशीचे अंक निघू नयेत, हा त्यामागचा हेतू. पुढे न्यायमूर्ती जे. सी. शहा आयोगाने चौकशी केली तेव्हा हा आदेश तोंडी दिला गेला होता, असे निष्पन्न झाले. २६ जूनच्या सकाळी आकाशवाणीवरून पंतप्रधानांनी आणीबाणीची घोषणा केली. दोन-तीन दिवसांत माहिती व नभोवाणी खाते इंदरकुमार गुजराल यांच्याकडून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे गेले. छापील माध्यमांसाठी सेन्सॉर नेमावा लागला, कायदे करावे लागले, प्रेस कौन्सिल बरखास्त करावी लागली, चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ बनवावी लागली. आकाशवाणी आणि दूरदर्शनसाठी यातले काहीच करावे लागले नाही. ती आधीपासून खात्याचीच होती. माझ्या मते आणीबाणीचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे. वृत्तपत्रांचे दार मोडावे लागले. रेडिओची किल्ली खात्याच्या खिशातच होती.

आणीबाणीच्या एकवीस महिन्यांतल्या काही घटना लोकांच्या तोंडी राहिल्या आहेत. १९७६ साली किशोर कुमारांची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून बंद झाली, कारण सरकारच्या प्रचारमोहिमेत सहभागी व्हायला त्यांनी नकार दिला होता. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवन राम यांची सभा होती. त्या संध्याकाळी लोक घरीच बसावेत म्हणून दूरदर्शनवर ‘बॉबी’ दाखवला गेला. लोक तरीही मैदानावर गेले. अशा हकिगती रंजक आहेत खऱ्या, पण अभ्यासकाने तिथेच थांबू नये. जनता सरकारने ऑगस्ट १९७७ मध्ये माध्यमांच्या गैरवापराबद्दल श्वेतपत्रिका काढली. आधीच्या सरकारने आकाशवाणीच्या बातमीपत्रांत कोणाला किती जागा दिली, याचाही तीत विचार आहे. बातमीचा पक्षपात आरडाओरड करून दाखवता येत नाही, तो मोजून दाखवावा लागतो. ती पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे.

याच काळात मुंबई उच्च न्यायालयात जे घडले, त्याचा मराठी वाचकाला रास्त अभिमान वाटावा. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला आणि मसानी न्यायालयात गेले. १९७६ च्या निकालात न्यायमूर्ती दि. प्र. मदन आणि एम. एच. कानिया यांच्या खंडपीठाने मसानींच्या बाजूने कौल दिला. सगळ्या वृत्तपत्रांनी एकाच सुरात बोलावे यासाठी सेन्सॉर नेमलेला नाही, आणि आणीबाणीतही सरकारवर टीका करण्याला जागा आहे, असा त्या निकालाचा आशय. पुण्यातल्या ‘साधना’ साप्ताहिकालाही सेन्सॉरशी झगडावे लागले. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. मसानींच्या प्रकरणाकडे पुन्हा एकदा वळून पाहा. सेन्सॉरला आपले आक्षेप लेखी मांडावे लागले, आणि ते न्यायालयाच्या उजेडात टिकले नाहीत.

आणीबाणीनंतर स्वायत्ततेचा रस्ता मोकळा झाला, असे वाटले होते. खरे तर मागणी जुनीच होती. अशोक चंदा यांच्या समितीने १९६६ सालीच रेडिओ आणि दूरचित्रवाणीसाठी वेगळी महामंडळे असावीत, असे सुचवले होते. ही समिती नेमली गेली तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री होत्या इंदिरा गांधी, आणि अहवाल आला तेव्हा त्या पंतप्रधान होत्या. बी. जी. व्हर्गीस यांच्या कार्यगटाने १९७८ साली ‘आकाश भारती’ या राष्ट्रीय न्यासाची कल्पना मांडली. लालकृष्ण अडवाणी यांनी १९७९ साली त्याहून पातळ असे ‘प्रसार भारती’ विधेयक आणले, आणि लोकसभा विसर्जित होताच तेही विरले. पुढचे दशक दूरदर्शनच्या विस्ताराचे. वसंत साठे यांच्या आग्रहाने रंगीत चित्र आले, गावोगाव प्रक्षेपक उभे राहिले, पण बातम्यांची घडी बदलली नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी असंख्य भारतीयांना आधी बीबीसीवरून कळली, आकाशवाणीवरून अधिकृत दुजोरा संध्याकाळी आला. १९९० साली राष्ट्रीय आघाडीच्या सरकारने प्रसार भारती कायदा मंजूर करून घेतला. मात्र तो लागू करण्याची अधिसूचनाच निघाली नाही. सात वर्षे संसदेने संमत केलेला कायदा कागदावर पडून राहिला. अखेर सप्टेंबर १९९७ मध्ये तो अमलात आला, तेव्हा पंतप्रधान होते इंदरकुमार गुजराल. बावीस वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून हे खाते काढून घेतले गेले होते, तेच.

मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटले, ते या साऱ्या चर्चेचा कणा आहे. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून माहिती व नभोवाणी मंत्रालय आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला. वाद सामन्यांच्या हक्कांचा होता, पण ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायालय मुळापर्यंत गेले. प्रसारणलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, आणि तिच्या नियमनासाठी सरकारने समाजातल्या सर्व घटकांचे प्रतिनिधित्व करणारी स्वायत्त यंत्रणा उभारावी, असे न्यायालयाने सांगितले. या निकालातले प्रमुख मत न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. महाराष्ट्राचे हे न्यायाधीश निवृत्तीनंतर प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्रसार भारतीच्या मंडळावरच्या नेमणुका सुचवणाऱ्या तीन जणांच्या निवड समितीत राज्यसभेच्या सभापतींबरोबर प्रेस कौन्सिलच्या अध्यक्षांनाही कायद्याने स्थान दिलेले आहे. म्हणजे ज्यांनी लहरी जनतेच्या आहेत असे सांगितले, तेच त्या लहरी सांभाळणाऱ्या पहिल्या मंडळाच्या निवडीच्या वेळी त्या खुर्चीवर होते. केसकर, साठे आणि सावंत या तिघांना एकत्र ठेवून पाहिले, तर मराठी माणसाचा या इतिहासातला वाटा किती वेगवेगळ्या बाजूंनी आहे ते कळते.

न्यायालयाच्या वाटेवरच्या आणखी काही खुणा नव्या वाचकाने पाहून ठेवाव्यात. १९८८ साली गोविंद निहलानींच्या ‘तमस’ मालिकेला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळाले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी सगळे भाग स्वतः पाहिले आणि प्रक्षेपणाला मोकळीक दिली. सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षी लोकविज्ञान संघटनेने ‘होनी अनहोनी’ ही मालिका अंधश्रद्धा पसरवते म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तिथे मिळालेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने उठवली आणि दूरदर्शनवर आपली कलाकृती दाखवण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला. या प्रकरणात माझी सहानुभूती लोकविज्ञान संघटनेच्या चिंतेशी आहे. तरीही निकाल योग्यच होता असे मला वाटते, कारण आपल्याला न पटणारा कार्यक्रम थांबवण्याचे हत्यार उद्या आपल्याला पटणाऱ्या कार्यक्रमावरच चालते.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र भोपाळवरच्या माहितीपटाचे. तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांच्या ‘बियॉन्ड जेनोसाइड’ या वायुकांडावरच्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेल्यावर दूरदर्शनला आपली कारणे सांगावी लागली. चित्रपट जुना झाला आहे, त्यात संयम नाही, तो समतोल नाही, नुकसानभरपाईचे दावे प्रलंबित आहेत, राजकीय पक्षांनी हा विषय उचलला आहे, अशी ती कारणे होती. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती एकेक करून तपासली आणि एकही पुरेसे मानले नाही. आनंद पटवर्धन यांनाही आपल्या माहितीपटांसाठी अशीच झुंज पुन्हा पुन्हा द्यावी लागली, २००६ सालच्या निकालापर्यंत. मी मघाशी म्हटले ते सूत्र इथे स्वच्छ दिसते. नकार तोंडी असतो तोवर तो भक्कम वाटतो. कारणे लिहायची वेळ आली की त्याचा पोकळपणा उघडा पडतो.

आता प्रसार भारतीचा कायदाच हातात घ्यावा. तो फार मोठा नाही, एका बैठकीत वाचून होतो, आणि वकील नसलेल्या वाचकालाही सहज कळतो. बाराव्या कलमात महामंडळाची कर्तव्ये आहेत. त्यात सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींवर मोकळी, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याच्या नागरिकांच्या हक्काचे रक्षण करणे हे एक आहे, आणि परस्परविरोधी मते समतोलपणे मांडणे, स्वतःची कोणतीही विचारसरणी न रेटणे हे दुसरे. तेविसावे कलम केंद्र सरकारला निर्देश देण्याचा अधिकार देते, पण देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठीच. शिवाय अशा प्रत्येक निर्देशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवणे बंधनकारक आहे. हे कलम मला फार मोलाचे वाटते. सरकारला सांगायचे असेल तर सांगावे, पण लिहून सांगावे आणि देशासमोर सांगावे, अशी ती तरतूद आहे. फोनचा रस्ता कायद्याने दाखवलेला नाही.

कायद्यात आणखी दोन आधार ठेवलेले आहेत. बावीस खासदारांची संसदीय समिती आणि श्रोत्या-प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद. दोन्ही प्रत्यक्षात उभ्या राहिल्या नाहीत. पगाराचा मोठा भार सरकारी अनुदानावर राहिला. वृत्तविभागांच्या महत्त्वाच्या जागांवर भारतीय माहिती सेवेचे अधिकारी येत राहिले, आणि त्यांच्या बदल्या-बढत्यांची दोरी मंत्रालयाकडेच राहिली. आज सरकारच्या कामगिरीची माहिती पत्रकारांना पुरवणारा अधिकारी उद्या सरकारबद्दलच्या बातम्यांचा संपादक होतो, आणि परवा पुन्हा पहिल्या खुर्चीत जातो. त्या अधिकाऱ्याच्या सचोटीविषयी हा आक्षेप नाही. रचनेनेच त्याला अवघड जागी बसवले आहे, एवढेच सांगायचे आहे. १९९८ साली तर बातमीला हातही न लावता, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची वयोमर्यादा अध्यादेशाने बदलून एस. एस. गिल यांना पद सोडायला लावले गेले. म्हणून वाचकांनी अग्रलेखांपेक्षा नेमणुकांचे नियम, अनुदानाचे आकडे आणि सेवाशर्ती यांच्याकडे आधी पाहावे. हे वाचन रूक्ष वाटेल, पण या विषयातले खरे नाट्य तिथेच आहे.

पक्षाचा चष्मा लावून इथे येणाऱ्याची लवकरच अडचण होते. २०१४ च्या एप्रिलमध्ये, काँग्रेसप्रणीत सरकार असताना, नरेंद्र मोदी यांच्या दूरदर्शनवरच्या मुलाखतीतला काही भाग प्रक्षेपणात गाळला गेला. तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनी मंत्रालयापासून पुरेसे अंतर मिळत नसल्याचे मंडळाला लेखी कळवले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, सरकार बदललेले असताना, नागपूरहून सरसंघचालक मोहन भागवत यांचे विजयादशमीचे भाषण दूरदर्शनने थेट दाखवले आणि त्यावर वाद झाला. २०१७ च्या स्वातंत्र्यदिनी त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे भाषण बदल केल्याशिवाय प्रसारित करायला नकार मिळाला. तीन घटना, वेगवेगळ्या बाजू आणि तेच दालन. आपल्या आवडत्या पक्षाच्या काळातली उदाहरणे जो आधी शोधतो, त्याला हा विषय लवकर समजतो.

बाहेरच्या देशांकडे पाहताना बीबीसीचा दाखला आपल्याकडे फार सढळ हाताने दिला जातो. तिथे परवाना शुल्कामुळे पैसा सरळ नागरिकाकडून येतो आणि राजसनदेमुळे रचनेला स्थैर्य मिळते, हे खरे. पण २००४ च्या जानेवारीत इराक युद्धासंबंधीच्या एका वार्तांकनावरून हटन अहवाल आला आणि बीबीसीचे अध्यक्ष व महासंचालक दोघांनाही पायउतार व्हावे लागले. माझ्या मते आपल्याला जर्मनी अधिक शिकवून जाते. नाझी राजवटीत रेडिओचे काय झाले हे पाहिलेल्या त्या देशात चॅन्सेलर आडेनाउअर यांनी सरकारच्या प्रभावाखालची दूरचित्रवाणी कंपनी काढली, आणि १९६१ साली घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. प्रसारण सरकारच्या हाती जाता कामा नये आणि कोणा एका सामाजिक गटाच्याही हाती जाता कामा नये, असे त्या न्यायालयाने सांगितले. आपल्या १९९५ च्या निकालाशी त्याचे नाते उघड आहे. पुढे तिथे शुल्क किती असावे हे सुचवण्यासाठी स्वतंत्र आयोग आला, आणि २०२१ साली एका राज्याने शुल्कवाढ अडवली तेव्हा घटना न्यायालयाने ती लागू करून दिली. पैशाची दोरी राजकारण्यांच्या हातून काढून घेण्याचा इतका विचारपूर्वक प्रयत्न मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

वाचकहो, या साऱ्या निकालांमागे आणि कलमांमागे काम करणारी माणसे आहेत, त्यांचा विसर पडू देऊ नका. जिल्ह्याच्या गावी आकाशवाणीचा अंशकालीन वार्ताहर असतो, प्रादेशिक बातमीपत्र तयार करणारा उपसंपादक असतो, पहाटेच्या पाळीला येणारी निवेदिका असते. प्रत्यक्ष फोन यायच्या आधीच काय चालेल आणि काय चालणार नाही, हे त्यांना सवयीने कळायला लागते. ही सवय कोणत्याही आदेशापेक्षा खोल जाते. आणि तरीही पूर आला, भूकंप झाला, धरणातून पाणी सोडायचे ठरले, की गावाला खात्रीची बातमी याच माणसांकडून मिळते. त्यांच्या शब्दावर लोकांचा इतका विश्वास आहे, म्हणून तो शब्द मोकळा असणे आवश्यक आहे. सार्वजनिक प्रसारण मोडीत काढा, असे म्हणणाऱ्यांशी माझे म्हणूनच जमत नाही. खासगी वाहिन्यांवरचे मालकांचे आणि जाहिरातदारांचे दडपण पाहता, लोकांच्या पैशावर चालणारी आणि लोकांनाच उत्तर देणारी वृत्तसेवा आज पूर्वीपेक्षा जास्त हवी आहे.

अभ्यासाला सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचाराल. माझा सल्ला असा की पुस्तकांच्या आधी बातमीपत्र ऐका. आठवडाभर एकच प्रादेशिक बातमीपत्र रोज नीट ऐका आणि वहीत टिपून ठेवा : पहिली बातमी कोणाची, मंत्र्याचे नाव कितव्या वाक्यात आले, विरोधकाचे म्हणणे त्याच्या शब्दांत होते की ‘आरोप केला’ एवढ्यावर आटोपले, शेतकरी, विद्यार्थी, मोर्चेकरी स्वतः बोलले का. मग त्याच दिवसाचे दोन मराठी दैनिकांचे पहिले पान शेजारी ठेवा. निवडणुकीच्या दिवसांत हे केले तर अधिकच उत्तम, कारण तेव्हा मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर वेळ वाटून देण्याची निवडणूक आयोगाची १९९८ पासूनची पद्धतही जवळून पाहता येईल. त्यानंतर कायदा वाचा, मग १९९५ चा निकाल, मग श्वेतपत्रिका आणि शहा आयोगाचे अहवाल. या क्रमाने गेलात तर कलमांचे कोरडे शब्द तुम्हाला ऐकू येतील.

एक दालन अजून पुरते उघडलेले नाही, त्याकडे तरुण अभ्यासकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. आपल्या देशात वृत्तपत्र कोणीही काढू शकतो, खासगी दूरचित्रवाणी वाहिन्या दिवसरात्र बातम्या देतात, पण खासगी एफएम केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. त्याला आकाशवाणीचे बातमीपत्र आहे तसे पुन्हा ऐकवण्यापुरतीच मुभा आहे. गावाने चालवलेल्या सामुदायिक रेडिओलाही हीच मर्यादा. म्हणजे १९९५ च्या निकालात जी मक्तेदारी अमान्य झाली, ती रेडिओच्या बातम्यांपुरती अजून शिल्लक आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात जी सामुदायिक केंद्रे चालतात, तिथे शेतीचा सल्ला आणि बातमी यांच्यातली सीमा रोजच्या रोज कशी आखली जाते, बाजारभाव सांगितला तर चालते पण बाजार समितीतला गैरव्यवहार सांगितला तर काय होते, हे त्या केंद्रांवर जाऊन, तिथल्या माणसांशी बोलून टिपून ठेवायला हवे. त्या कामाला वही, ध्वनिमुद्रक आणि थोडी चिकाटी एवढेच पुरते.